मोत्या समुद्रावर चालेल का?

बालमित्रांनो, सुट्टी जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. एरवी शाळा, परीक्षा, गृहपाठ यांबद्दल तक्रारी असतात. सुट्टीच्या तोंडावर मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न : "बाई, कुठं जाऊ?" या वेळी सहावीतल्या एका मुलीनं लिहिलंय, "नाताळात आम्ही सगळे कोकणात जाणार आहोत. आजी, आजोबा, आई, बाबा, मी, धाकटा भाऊ आणि मोत्या. मोत्या आमचा कुत्रा आहे. बाबा म्हणतात, त्याला शेजाऱ्यांकडे ठेवू. मोत्या समुद्रावर चालेल का?"

प्रश्न छोटा आहे, पण त्यात दोन प्रश्न दडलेत बघा! मोत्याला चालता येईल का, हा एक. आणि मोत्या तिथं आलेला चालेल का, म्हणजे समुद्रावर आधीच जे कोणी राहतात त्यांना तो चालेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे : हो, झकास चालेल. दुसऱ्यासाठी मात्र जरा बसून बोलावं लागेल. मोत्या घरी नसला तरी हे वाचा, कारण यातलं अर्धं तुमच्या दोन पायांसाठीच आहे.

आधी जागा ठरवू. आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात जाऊ. रेल्वेनं खेडला उतरायचं, तिथून दापोली सुमारे तीस किलोमीटर, आणि दापोलीहून तासाभराच्या आत समुद्र. कर्दे, मुरूड, हर्णै, आंजर्ले अशी किनाऱ्यावरची गावं एकामागोमाग एक आहेत. हे मुरूड म्हणजे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे बरं का! ते रायगड जिल्ह्यात. दर वर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुलं नकाशात या दोन मुरुडांची गल्लत करतात.

मुरूडचा किनारा आजी-आजोबांसाठी फार चांगला. वाळू घट्ट, उतार अगदी कमी, गुडघे कुरकुरत नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपण याच गावात गेलं. शाळकरी वयात एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते. शंभराहून अधिक मैल, भर पावसात, घाट चढून! आणि तिथं पोचल्यावर साहेब काय म्हणाले? "हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही," आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढं याच मुलानं स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. तेव्हा वाळूत दोन किलोमीटर चालून "पाय दुखले" असं कोणी म्हणालंच, तर त्याला ही गोष्ट सांगा.

पण मुरूडला सुट्टीत गर्दी फार. घोडागाड्या, वाळूवर धावणाऱ्या मोटारगाड्या, आरडाओरडा. मोत्यासारख्याला ते झेपत नाही. तो एक तर घाबरतो, नाही तर गाडीमागे धावतो. म्हणून मला विचाराल, तर मी आंजर्ल्याला जा म्हणेन. पूर्वी हर्णैकडून आंजर्ल्याला जायचं तर खाडी तरीतून ओलांडावी लागे. आता पूल झालाय. गावात शिरलं की नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणारी अरुंद वाट, मग सुरूची झाडं, आणि सुरूच्या पलीकडं एकदम मोकळा समुद्र. किनारा दोनेक किलोमीटर सरळ लांब. दक्षिणेकडे पाहिलंत तर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराविरुद्ध इंग्रजांची मदत घेणं कितपत शहाणपणाचं होतं, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. आजोबांना विचारून बघा, चालताना वेळ छान जाईल.

गावामागच्या डोंगरावर कड्यावरचा गणपती आहे. पायऱ्या चढून गेलात की वरून सगळा किनारा नकाशासारखा पसरलेला दिसतो. देवळात मोत्याला नेता येणार नाही. तेव्हा घरातल्या एकानं त्याच्याजवळ बाहेर सावलीत बसायचं, आणि मग पाळी बदलायची. त्याला एकट्याला बांधून सगळ्यांनी आत जायचं नाही. अनोळखी जागी एकटा बांधलेला कुत्रा बिथरतो, आणि जवळून जाणाऱ्या एखाद्या लहान मुलाला त्याचा प्रसाद मिळतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. समुद्रावर किती वाजता जायचं? "संध्याकाळी, सूर्यास्त बघायला," असं तुम्ही म्हणाल. पण समुद्र घड्याळ वेगळंच लावतो. काही दिवशी संध्याकाळी किनारा मैदानासारखा रुंद असतो, तर काही दिवशी पाणी थेट सुरूच्या जवळ येऊन ठेपलेलं असतं आणि चालायला जागाच नसते. हे आधीच कळलं तर? कळतं! आणि त्यासाठी फक्त भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणकीचा पाढा लागतो. (पाऊणकी आता कोणी पाठ करत नाही. माझ्या मते उगाच सोडली.)

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा हा हिशेब आहे. त्या दिवसाची तिथी बघायची आणि तिला पाऊणनं गुणायचं. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा, चतुर्थी आहे. चार पाऊणे तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. तेव्हा चतुर्थीला सकाळी नऊच्या आसपास चालायला जावं. अष्टमी असेल तर? आठ पाऊणे सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ओहोटी भर दुपारी बारा वाजता. ऊन डोक्यावर, वाळू तापलेली. चालण्यासाठी हा दिवस कामाचा नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास, आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असं मोजायचं.

यातली गंमत कळली का? पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, आणि भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. पण जितकी मोठी भरती, तितकीच मोठी ओहोटी! म्हणून त्या दिवशी पाणी सर्वांत दूर जातं. आणि ते दूर जातं कधी? आपल्याकडच्या किनाऱ्यावर नेमकं सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या दिशांनी ओढतात, त्यामुळं भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. त्याला भांग म्हणतात. म्हणजे कोकणातली सहल पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत ठरवली, तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालायला रुंद किनारा मिळतो. बाबांना हे सांगून सुट्टीची तारीख बदलून घेता येते का बघा.

हा हिशेब अंदाजाचा आहे, हे मात्र विसरू नका. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते आणि आपण धरतो पंचेचाळीस. तेव्हा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. गावात पोचल्यावर एखाद्या कोळीदादाला किंवा ज्यांच्याकडे उतरलात त्या काकूंना विचारून खात्री करून घ्या. आणि काळ्या खडकांकडे जायचं असेल तर ओहोटी पूर्ण होण्याआधी तासभर निघा आणि पाणी वळलं की परत फिरा. सपाट किनाऱ्यावर पाणी हळू येतंय असं वाटतं, पण ते आधी आपल्यामागच्या खोलगट जागेत शिरतं आणि आपण खडकावर अडकतो. खाडी जिथं समुद्राला मिळते, तिथं तर पाण्यात पाऊलही टाकू नका. ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी जोरानं बाहेर ओढतं. चांगला पोहणाराही तिथं टिकत नाही, आणि मोत्या तर नाहीच. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा लांबूनच पाहावा.

तर आता निघू या. पायांत चपला असू द्या, कारण खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. घट्ट वाळूवर आलात की मात्र चपला हातात घ्या. खाली बघा. वाळूच्या मुगाएवढ्या बारीक गोळ्या हजारोंनी पसरलेल्या दिसतील, मध्ये एक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या रांगा. कोणी रांगोळी घातली? नखाएवढ्या खेकड्यांनी! ते वाळू तोंडात घेतात, तिला चिकटलेलं सूक्ष्म अन्न खातात आणि चाळलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. भरती आली की सगळं पुसून जातं, ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गप्प उभे राहिलात तर दोन मिनिटांत ते बाहेर येतात. पाऊल वाजलं की सगळे एकदम गायब.

पाण्याच्या कडेनं तुरुतुरु पळणारे छोटे मातकट पक्षी दिसतील. ते चिखले. थवा करून बसलेले पांढरे पक्षी ते कुरव. हे हिवाळ्यातले पाहुणे आहेत. काही लडाख-तिबेटकडून आलेले, काही त्याहूनही लांबून. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना हिमालय ओलांडून परत जायचं असतं. एवढ्या प्रवासाला अंगात चरबी साठवावी लागते, आणि ती इथल्या वाळूत किडे-अळ्या वेचून साठते. आता मोत्याला मोकळं सोडलं की तो पहिलं काय करेल? थव्यावर धाव घेईल. थवा उडेल, वळसा घालून पुढं बसेल. मोत्या पुन्हा धावेल. आपण हसतो, फोटो काढतो. पण दर उड्डाणाला त्या पक्ष्याच्या शिदोरीतला थोडा भाग खर्च होतो, आणि त्या दिवशी किनाऱ्यावर मोत्यासारखे आणखी पाच जण आलेले असतात. सुरूच्या शेंड्यावर किंवा एखाद्या उंच आंब्यावर मोठा पांढऱ्या पोटाचा शिकारी पक्षी बसलेला दिसला तर तो समुद्री गरुड. कोकणात त्याला काकण म्हणतात. त्याची मात्र मोत्याला काही फिकीर नाही, मोत्यालाच त्याची असावी!

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवाच्या माद्या येतात. ऑलिव्ह रिडले जातीचं कासव, पाठ दोनेक फूट लांब, वजन तुमच्यापैकी एखाद्या सातवी-आठवीतल्या मुलाएवढं. भरतीची रेषा ओलांडून मादी वर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, सुरईसारखा खड्डा करते, त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळूनं झाकते आणि परत जाते. पुन्हा ती पिल्लांकडे पाहायला येत नाही. दीड-दोन महिने वाळूची ऊब हीच त्यांची आई. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर जास्त. आहे की नाही अजब?

ही मादी किती लांबून येते माहीत आहे? २०२२ च्या जानेवारीत वेळास आणि आंजर्ले इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवून त्यांना समुद्रात सोडलं होतं. वेळासच्या मादीचं नाव ठेवलं प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीचं सावनी. त्याहून मोठी बातमी २०२५ साली आली. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये जिच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती, ती मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताच्या नकाशावर पूर्व किनाऱ्यापासून बोट फिरवत, श्रीलंकेला वळसा घालून, गुहागरपर्यंत या. बोट दमेल.

पण या अंड्यांचे शत्रू फार. पूर्वी माणसंच ती खणून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात संरक्षणाचं काम सुरू केलं. गावकरी बरोबर आले, आणि आज कोकणातल्या कितीतरी गावांत हे काम चालतं. कासवमित्र पहाटे अंधारात किनारा पालथा घालतात, मादीचा माग काढतात, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा तशीच पुरतात. माणसांचा त्रास पुष्कळ कमी झाला. राहिले कोल्हे, आणि राहिले कुत्रे.

एका फेब्रुवारीत मी चौथीची मुलं घेऊन पहाटे अशाच एका किनाऱ्यावर गेले होते. वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरावं तसा माग पाण्यापासून वर गेलेला दिसला. मुलं हरखली. मागावरून आम्ही गेलो, तर पुढं खड्डा उकरलेला आणि भोवती पांढरी टरफलं. पिंगपाँगच्या चेंडूंवर कोणी नाचावं, तशी चेपलेली. बाजूला वाळूत कुत्र्यांच्या पायांचे ठसे. कासवमित्र आमच्या आधी पंधरा-वीस मिनिटंच पोचले होते. खाली हात घालून त्यांनी शाबूत राहिलेली अंडी काढली. मूठभरच होती. मुलं इतकी गप्प मी वर्गात कधी पाहिली नाहीत.

परतताना एक मुलगी म्हणाली, "बाई, पण कुत्र्याचं काय चुकलं? त्याला भूक लागली, त्याला वास आला, त्यानं उकरलं."

मला तिचं म्हणणं पटलं. कुत्र्याच्या नाकाला वाळूखालचं कळतं, ही काही त्याची खोड नाही, ती त्याची देणगी आहे. प्रश्न हा आहे की समुद्रावर इतके कुत्रे आले कुठून? काही गावातले आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण सुट्टीत आपण तिथं वडापाव खातो, उरलेला टाकतो, मक्याची कणसं, बिस्किटं, माशांचे काटे टाकतो. अन्न मिळालं की कुत्रे वाढतात. सुट्टी संपते, पर्यटक जातात, अन्न बंद होतं, कुत्रे मात्र तिथंच राहतात, उपाशी. आणि तेच दिवस वाळूत अंडी असण्याचे. काही माणसं तर नकोसा झालेला पाळीव कुत्रा किनाऱ्यावर सोडून निघून जातात. प्राण्याला असं टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मला त्या माणसांबद्दल चांगलं काही लिहिता आलं नसतं.

म्हणून सहावीतल्या माझ्या मैत्रिणीला माझं सांगणं असं. मोत्याला जरूर ने, पण गळ्यात पट्टा आणि हातात दोरी हवीच. भरतीची ओली रेषा आणि पाणी यांच्यामधल्या घट्ट वाळूवर चाला. कासवाची अंडी त्या रेषेच्या वर असतात, सुरूच्या बाजूला कोरड्या मऊ वाळूत. तिकडं मोत्याला उकरू द्यायचं नाही. नोव्हेंबर ते मे पहाटे किंवा रात्री त्याला किनाऱ्यावर आणूच नका. या महिन्यांत अंडी तरी असतात, नाही तर पिल्लं बाहेर पडत असतात. पिल्लांना पाण्यावरचा उजेड कळतो आणि ती तिकडं चालू लागतात. तुमच्या बॅटरीचा उजेड दिसला तर वाट चुकून उलटी फिरतात. कुठं माग दिसला किंवा उकरलेलं दिसलं तर हात न लावता गावातल्या कासवमित्रांना सांगा. गावात कुणालाही विचारलंत तर त्यांचं घर दाखवतील. पिल्लं पाण्यात सोडताना पाहायची असतील तर मोत्याला त्या वेळी खोलीवर ठेवा. तो रुसेल, रुसू दे.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. निघण्यापूर्वी कुत्र्याला रेबीजची लस टोचली आहे ना, जंताचं औषध झालं आहे ना, हे गुरांच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या. कुत्र्याच्या विष्ठेतले जंतांचे अंश वाळूत राहतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांच्या कातडीत शिरतात, तिथं खाजरी नागमोडी रेघ उठते. तेव्हा मोत्यानं घाण केली तर ती वाळूत पुरून मोकळं व्हायचं नाही. जुनं वर्तमानपत्र आणि मुलांच्या खेळण्यातलं फावडं बरोबर ठेवा, उचला, बांधा आणि परत न्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तो बघण्यासारखा आहे, पण तिथं कुत्रा नको. किनाऱ्यावर जिथं मासळी वाळत घातलेली असेल, तिथूनही लांबून जा. कोळणींचं पावसाळ्यातलं पोट त्या वाळवणावर असतं. तुमच्या लाडक्यानं त्यावर पाय वर केला तर त्या जे बोलतील, ते इथं छापता येणार नाही, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

मोत्यासाठी प्यायचं गोडं पाणी आणि एक वाटी न्या. तहानला की तो समुद्राचं पाणी पितो आणि मग उलट्या, जुलाब. तळहाताची पालथी बाजू वाळूवर टेकवून सहा-सात सेकंद मोजा. तुम्हाला चटका बसला, तर त्याच्या पंजांनाही बसतोच. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग निवतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही, त्यांना उन्हात नेऊच नका. आखूड केसांचा आपला गावठी कुत्रा या हवेला सर्वांत चांगला, हे माझं ठाम मत आहे. परत आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं पुसा, कानात गोचीड आहे का बघा.

वाळूवर पडलेलं काहीही त्याला तोंडात घेऊ देऊ नका. जाळ्यातून फेकून दिलेला, फुग्यासारखा फुगलेला केंड मासा तर मुळीच नाही. त्याचं विष शिजवूनही जात नाही. पारदर्शक जेलीफिश मेलेला असला तरी आग होते. सापासारखं काही पडलेलं दिसलं तर काठीनंही डिवचू नका. समुद्रसाप विषारी असतात, आणि मेल्यासारखा दिसणारा मेलेलाच असेल असं नाही.

गावातले कुत्रे भुंकत आले तर पळू नका. उभे राहा, मोत्याची दोरी आखडती घ्या आणि हळूहळू मागे सरका. एवढं करूनही कुणाला चावलंच, किंवा नुसता ओरखडा निघाला, तरी पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, मिरची असलं काही लावायचं नाही. मग लगेच दवाखाना आणि सगळ्या सुया पूर्ण. १८८५ साली लुई पाश्चर यांनी रेबीजची लस पहिल्यांदा ज्याला दिली, तो जोसेफ माइस्टर नावाचा मुलगा अवघ्या नऊ वर्षांचा होता, तुमच्यातल्या तिसरी-चौथीतल्यांएवढा. तो वाचला. आजही वेळेवर लस घेतली तर माणूस वाचतो, आणि रोग एकदा अंगात उठला तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. तेव्हा आई रागावेल म्हणून चावल्याचं लपवून ठेवायचं नाही, कळलं?

असो. आता पिशवीत पाण्याची बाटली, वाटी, दोरी, वर्तमानपत्र, फावडं आणि आजीसाठी टोपी भरा. आणि जाण्याआधी हे गणित सोडवून पाठवा : वद्य द्वादशीला आंजर्ल्याला पोचलात, तर संध्याकाळचा सूर्यास्त रुंद किनाऱ्यावरून दिसेल की अरुंद? दुसऱ्या दिवशी काय होईल? नुसतं उत्तर नको, रीतसकट लिहा. उत्तर पुढच्या अंकात देईन. मोत्यानं तिथं काय काय केलं, तेही कळवा.